रेसिडेन्सीतला हप्ता

पीजीला जागा लागली की घरात पेढे वाटले जातात, आणि बऱ्याचदा त्याच सुमारास बँकेचे पत्र येते: एमबीबीएससाठी घेतलेल्या कर्जाची सवलतीची मुदत संपली, पुढच्या महिन्यापासून हप्ता सुरू. पत्र गावच्या पत्त्यावर येते. मुलगी तेव्हा मुंबईत किंवा संभाजीनगरला मेडिसिनच्या वॉर्डात जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट असते. सलग दीड दिवसाची ड्युटी करून हॉस्टेलवर आलेली असते आणि वडिलांचा फोन वाजतो, ‘बँकेतून माणूस विचारत होता.’

वैद्यकीय शिक्षण महाग झाले, कर्जे वाढली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्या कर्जाचा सर्वांत अवघड टप्पा मात्र शिकत असतानाचा नाही आणि पूर्ण डॉक्टर झाल्यानंतरचाही नाही. तो या दोहोंच्या मधल्या तीन वर्षांचा आहे. कारण रेसिडेंट हा विद्यार्थी आहे की कमावता, याचे उत्तर आपल्याकडे दर कचेरीत वेगळे मिळते. पगार मागायला गेला की तो विद्यार्थी असतो, म्हणून त्याला मिळते ते विद्यावेतन. चोवीस तास वॉर्ड चालवायचा असला की तो डॉक्टर असतो. आणि बँकेच्या खातेवहीत त्याचा अभ्यासक्रम केव्हाच संपलेला असतो. परतफेडीच्या सगळ्या अडचणींचे मूळ मला या विसंगतीत दिसते.

आपल्याकडची बहुतेक शैक्षणिक कर्जे इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेवर बेतलेली आहेत. ही योजना 2001 मध्ये आली आणि पुढे वेळोवेळी सुधारली गेली. तिचा सांगाडा साधा आहे. चार लाखांपर्यंत तारण नाही आणि स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. साडेसात लाखांच्या पुढे मालमत्तेचे तारण लागते. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नाही. या काळात सरळ व्याज लागत राहते, मुदत संपली की साचलेले व्याज मुदलात मिळवले जाते आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत हप्ते.

अभियंत्यासाठी हा सांगाडा बरोबर बसतो. चार वर्षे शिक्षण, एक वर्ष नोकरी शोधायला, मग पगार. डॉक्टरचा रस्ता तसा सरळ नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी. पहिल्या फटक्यात हवी ती ब्रँच मिळणारे थोडे. बाकीचे एक ड्रॉप घेतात, काही दोन. त्यात परीक्षा वेळेवर होईलच असे नाही. जानेवारी 2021 मध्ये व्हायची परीक्षा सप्टेंबरमध्ये झाली आणि समुपदेशन सुरू व्हायला 12 जानेवारी 2022 उजाडला. 2024 मध्ये 23 जूनची परीक्षा आदल्या रात्री पुढे ढकलली गेली आणि 11 ऑगस्टला झाली. परीक्षा पुढे गेली, पण कर्जाची मुदत कोणासाठी थांबली नाही. अभ्यासक्रमानंतरचे ते एक वर्ष नोकरी शोधण्यासाठी दिलेले असते. ते पीजीची वाट पाहण्यातच संपते.

आकडे मांडल्याशिवाय या प्रश्नाचे वजन कळत नाही, म्हणून एक हिशेब घेऊ. वीस लाखांचे कर्ज, पाच-पाच लाखांच्या चार वार्षिक हप्त्यांत उचललेले, व्याज दहा टक्के. साडेपाच वर्षांचे शिक्षण आणि वरचे एक वर्ष धरले तर पहिल्या पाच लाखांवर साडेसहा वर्षांचे सरळ व्याज लागते, शेवटच्या पाच लाखांवर साडेतीन वर्षांचे. बेरीज होते बरोबर दहा लाख. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी देणे 30 लाख असते. पंधरा वर्षांच्या मुदतीत त्याचा हप्ता येतो सुमारे 32,200 रुपये, आणि त्यातले पहिल्या महिन्यातले 25,000 नुसते व्याजाचे.

आता समोर विद्यावेतन ठेवा. महाराष्ट्रात मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या आंदोलनानंतर 2024 मध्ये त्यांच्या विद्यावेतनात 10,000 रुपयांची वाढ झाली, आणि इंटर्नचे विद्यावेतन 11,000 वरून 18,000 झाले. हिशेबापुरते रेसिडेंटच्या हातात 80,000 धरू. रक्कम वाईट नाही, असे बाहेरच्या माणसाला वाटेल. पण वय सत्तावीस-अठ्ठावीस झालेले असते, धाकट्या भावाचे शिक्षण चालू असते, कुणाचे लग्न ठरलेले असते, गावी घराची डागडुजी या पैशाकडे डोळे लावून बसलेली असते. पुस्तके, परिषदांचे शुल्क, थिसिसचा खर्च हेही त्यातूनच निघतात. शिवाय रेसिडेंटला बाहेर प्रॅक्टिस करायला बंदी आहे. एखाद्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी करून चार पैसे जास्त मिळवावेत, हा मार्ग त्याच्यासाठी बंद असतो. तो योग्य कारणासाठी बंद आहे, पण त्यामुळे मिळकत वाढवायची कुठलीच वाट उरत नाही, हेही खरे.

ही झाली सरकारी किंवा पालिकेच्या महाविद्यालयातली स्थिती. खासगी महाविद्यालयांनीही राज्य सरकारच्या बरोबरीने विद्यावेतन द्यावे, असा नियम आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी ते कमी मिळते, काही ठिकाणी खात्यावर जमा होऊन रोखीने परत घेतले जाते, आणि तक्रार करायची म्हटले तर परीक्षा त्याच विभागप्रमुखांच्या हाती असते. अशा मुलाच्या डोक्यावर पीजीच्या शुल्काचे दुसरे कर्जही असते. हे माझ्या मते शैक्षणिक कर्जाच्या साऱ्या प्रश्नातले सर्वांत मोठे अन्यायाचे ठिकाण आहे, कारण इथे नियम आहे, रक्कम ठरलेली आहे, आणि तरी ती हातात पडत नाही.

मग या तीन वर्षांत करायचे काय? वाटा तीन आहेत.

पहिली, पूर्ण हप्ता भरणे. वरच्या उदाहरणात तीन वर्षांत 11 लाख 60 हजार भरले जातात आणि देणे 30 लाखांवरून 27 लाखांवर येते. एवढा पैसा ओतून मुद्दल फक्त तीन लाखांनी हलते, हे पाहून खचायला होते. पण सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो, हा कुठल्याही दीर्घ मुदतीच्या कर्जाचा स्वभाव आहे.

दुसरी, काहीच न भरता मुदत वाढवून घेणे. उच्च शिक्षणाला प्रवेश घेतला तर बँका सहसा मुदत वाढवून देतात, पण आपोआप नाही. अर्ज करावा लागतो. स्टेट बँकेच्या योजनेत तर पुढच्या शिक्षणासाठी दुसरे कर्ज घेतले की दोन्ही कर्जे मिळून, दुसरा अभ्यासक्रम संपल्यावर पंधरा वर्षांत फेडायची तरतूद आहे. तरतूद चांगली आहे. पण शब्दशः वाचली तर तिचा लाभ पुन्हा कर्ज काढणाऱ्याला होतो. ज्याने रँक मिळवून सरकारी जागा घेतली आणि ज्याला दुसऱ्या कर्जाची गरजच पडली नाही, त्याला मात्र शाखाधिकाऱ्यापुढे विनंती घेऊन उभे राहावे लागते.

मुदतवाढ घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे, आणि तो फार थोडी मुले विचारतात: साचलेले व्याज आत्ता मुदलात मिळवणार की मुदतवाढ संपल्यावर? उत्तरावर लाखो रुपये अवलंबून आहेत. वाढीव तीन वर्षेही मूळ वीस लाखांवर सरळ व्याज लागले, तर अखेरीस देणे 36 लाख होते आणि हप्ता 38,700 च्या आसपास येतो. पण दहा लाखांचे व्याज आधीच मुदलात टाकून 30 लाखांवर दरमहा चक्रवाढ सुरू झाली, तर देणे 40 लाखांच्या वर जाते आणि हप्ता साधारण 43,500 होतो. मंजुरीपत्रात हे लिहिलेले असते. सही करताना ते कुणी वाचत नाही, कारण सही एमबीबीएसच्या प्रवेशाच्या गडबडीत झालेली असते.

तिसरी वाट मधली आहे: तीन वर्षे फक्त चालू व्याज भरणे. 30 लाखांवर दरमहा 25,000. तीन वर्षांत नऊ लाख जातात, देणे 30 लाखांवरच थांबते आणि पुढचा हप्ता 32,200 राहतो. काहीच न भरता 43,500 च्या हप्त्यावर पोहोचणाऱ्याशी तुलना केली, तर फरक महिना 11,000 रुपयांहून अधिक पडतो. पंधरा वर्षांत तो 20 लाखांवर जातो. ज्याला शक्य आहे त्याने हीच वाट धरावी, असे मला वाटते. सगळे 25,000 जमत नसतील तर दहा भरावेत, पंधरा भरावेत. शैक्षणिक कर्ज बहुधा बदलत्या व्याजदराचे असते आणि व्यक्तीने घेतलेल्या अशा कर्जावर मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल दंड आकारता येत नाही. रिझर्व्ह बँकेने 2014 मध्येच तसे बजावले आहे. तेव्हा हप्त्याव्यतिरिक्त भरलेला प्रत्येक रुपया कामी येतो. काही बँका सवलतीच्या काळात नियमित व्याज भरणाऱ्याला दरात एक टक्का सूटही देतात. तीस लाखांवर ती वर्षाला 30,000 रुपये होते.

इंटर्नशिपमध्येच व्याज भरायला लागा, असा सल्ला पुष्कळजण देतात. वीस लाखांवरचे महिन्याचे सरळ व्याज 16,667 रुपये आणि इंटर्नचे विद्यावेतन 18,000. हा सल्ला घरचा आधार असलेल्यांसाठीच आहे.

घरचा आधार म्हणताना शेतकरी कुटुंबांची वेगळी अडचण सांगायला हवी, कारण शहरी वाचकाला ती सहसा दिसत नाही. साडेसात लाखांपुढे तारण लागते आणि शेतकऱ्याकडे तारण म्हणून असते जमीन. पण सरफेसी कायद्याने शेतजमिनीवर बँकेला थेट जप्ती आणता येत नाही, म्हणून सातबारा घेऊन गेलेल्या बापाला बँक अनेकदा ‘एनए प्लॉट आहे का, घर आहे का’ असे विचारते. घर असते गावठाणात. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, आणि तो बँकेला पुरत नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. हा बदल छोटा वाटला तरी शैक्षणिक कर्जाच्या दृष्टीने मोलाचा आहे. तोवर मात्र मधली तूट पतसंस्था, सोने, नातेवाईक आणि सावकार यांनी भरून काढलेली असते. अशा घरातल्या रेसिडेंटने बँकेचा हप्ता आधी की सावकाराचे देणे आधी, असे विचारले तर उत्तर स्पष्ट आहे. बँकेला फक्त व्याज, उरलेला सगळा पैसा महागड्या देण्याकडे. बँकेचा दहा टक्के दर जड वाटतो, पण महिन्याला दोन-तीन टक्क्यांच्या कर्जापुढे तो सौम्य आहे.

सरकारी मदतीचे चित्र विखुरलेले आहे. केंद्राची व्याज अनुदान योजना 2009 पासून आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. मात्र हा लाभ एकदाच मिळतो, पदवीसाठी किंवा पदव्युत्तरसाठी. 6 नोव्हेंबर 2024 रोजी मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराविना कर्ज मिळते, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर सवलतीच्या काळात तीन टक्के व्याज सूट. राज्यात राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. इतर मागासवर्गीय महामंडळाची व्याज परताव्याची योजना आहे, आणि 2024 पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नगटांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्कमाफी आहे. या सगळ्या योजना प्रवेशाच्या दाराशी उभ्या आहेत. रेसिडेन्सीच्या तीन वर्षांसाठी म्हणून वेगळे काही नाही.

गोव्याचे उदाहरण इथे आठवते. तिथे राज्याच्या शिक्षण विकास महामंडळामार्फत गोमंतकीय विद्यार्थ्यांना बिनव्याजी शैक्षणिक कर्ज देण्याची योजना आहे. कर्ज बिनव्याजी असले की वाट पाहण्याची किंमत शून्य होते. ड्रॉपचे वर्ष, लांबलेले समुपदेशन, यांपैकी कशानेही देणे एका रुपयानेही वाढत नाही. गोवा लहान राज्य आहे, मान्य. पण व्याजाचा भार उचलला तर मूळ प्रश्नाचा मोठा भाग सुटतो, एवढे त्यावरून नक्की दिसते.

अमेरिकेतल्या पद्धतीबद्दल आपल्याकडे कुतूहल असते, कारण कितीतरी मराठी घरांतली मुले तिथे रेसिडेन्सी करतात. तिथली कर्जे आपल्यापेक्षा कितीतरी मोठी. पण 2007 च्या कायद्यापासून केंद्र सरकारच्या कर्जांना दोन आधार मिळाले: मिळकतीच्या प्रमाणात हप्ता, आणि सरकारी किंवा ना-नफा संस्थेत पूर्णवेळ काम करताना 120 पात्र हप्ते भरले की उरलेले कर्ज माफ. शिकवणारी बहुतेक रुग्णालये ना-नफा असल्याने रेसिडेन्सीतले छोटे हप्तेही या 120 मध्ये मोजले जातात. 2025 च्या कायद्याने तिथली कर्जव्यवस्था बरीच आवळली आहे. 1 जुलै 2026 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या नव्या कर्जदारांना वर्षाला 50,000 आणि एकूण दोन लाख डॉलर अशी मर्यादा आहे. तरीही घ्यायची गोष्ट उरतेच: हप्ता कर्जावरून न ठरता मिळकतीवरून ठरू शकतो. इंग्लंडमध्ये ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या रकमेतून नऊ टक्के पगारातूनच वळते होतात. इथून एमबीबीएस करून तिकडे गेलेल्यांना या सवलती लागू नाहीत, त्यांचे कर्ज इथल्या बँकेचेच असते. पण ते डॉलरच्या मिळकतीतून फिटते, म्हणून त्यांची गोष्ट निराळी.

आपल्या आदर्श योजनेतही चढत्या हप्त्यांची कल्पना आहे: सुरुवातीला लहान, पुढे मोठे. रेसिडेंटसाठी याहून योग्य रचना नाही. पण ती मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ती आहे हे मागणाऱ्याला माहीत नसते.

करवजावटीबद्दल थोडे, कारण इथे हमखास चूक होते. कलम 80ई या नावाने ओळखली जाणारी वजावट फक्त व्याजावर आहे, तिला रकमेची मर्यादा नाही, पण ती आठच वर्षे मिळते आणि ती वर्षे पहिले व्याज भरल्यापासून मोजली जातात. शिवाय ती फक्त जुन्या करप्रणालीत आहे. नव्या प्रणालीत 2025-26 पासून बारा लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे रेसिडेंटला वजावटीचा उपयोग शून्य, आणि त्याने व्याज भरायला सुरुवात केली की आठातली तीन वर्षे गेली. यावर उपाय म्हणून व्याज भरणे टाळू नये, व्याजाचे नुकसान कराच्या बचतीहून मोठे असते. पण वडील किंवा आई सहकर्जदार असून जुन्या प्रणालीत कर भरत असतील, तर व्याज त्यांच्या खात्यातून भरावे. मुलाच्या शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जावर त्यांनाही वजावट मागता येते.

रेसिडेन्सीबरोबर हा विषय संपत नाही. सरकारी जागेवर शिकलेल्यांना पुढे वर्षभराचा बाँड असतो आणि तो मोडला तर महाराष्ट्रात एमबीबीएसला दहा लाख, पीजीला 50 लाख आणि सुपरस्पेशालिटीला दोन कोटींचा दंड आहे. ग्रामीण भागाला डॉक्टर हवेत आणि जनतेच्या पैशावर शिकलेल्याने ते वर्ष द्यावे, हे मला पूर्ण पटते. पण नेमणुकीचा आदेश हातात पडायला कधी कधी महिने लागतात. त्या महिन्यांत विद्यावेतन थांबलेले, पगार सुरू झालेला नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र येते. म्हणून तिसऱ्या वर्षात चार-सहा हप्त्यांची रक्कम बाजूला ठेवलेली असावी. विद्यावेतनही नेहमी एक तारखेला येत नाही, तेव्हा खात्यातून आपोआप वळता होणारा हप्ता महिन्याच्या उत्तरार्धात घ्यावा. एकदा तो परतला की बँकेचा दंड पडतो, आणि नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते. त्या नोंदीचा डाग मुलाच्या पतअहवालावर पडतो, तसाच सहकर्जदार म्हणून बापाच्याही. मग पुढच्या हंगामाचे पीककर्ज मागायला गेलेल्या माणसाला बँक मुलाच्या थकलेल्या हप्त्याचे विचारते.

खाते थकल्यावर बँकेत जाणे आणि थकण्याआधी जाणे यांत मोठे अंतर आहे. पीजीचा प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात महाविद्यालयाचे बोनाफाइड, प्रवेशपत्र, विद्यावेतनाचा आदेश आणि मूळ मंजुरीपत्राची प्रत घेऊन शाखेत जावे. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. व्याज कधी मुदलात मिळवणार, चढता हप्ता मिळेल का, व्याज भरत राहिल्यास दर किती, ही तीन उत्तरे लेखी मागावीत. रुजू होण्याआधीचे ते आठ-दहा दिवस पुन्हा मिळत नाहीत. एकदा वॉर्ड सुरू झाला की पहिल्या सहा महिन्यांत बँकेच्या वेळेत मोकळा दिवस सापडत नाही. आणि जाताना आईवडिलांपैकी जो सहकर्जदार आहे त्याला सोबत न्यावे, कारण बदललेल्या कराराखाली त्यांचीही सही लागते.